फोटो कधी बघणार आहेस?

प्रिय मावशी,

दिवाळी जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो. मी ४६ वर्षांची, नोकरी करते. घरी हे, कॉलेजात जाणारा मुलगा, नववीतली मुलगी आणि ७५ वर्षांच्या सासूबाई. फराळ घरीच करायचा, हा सासूबाईंचा नियम. चिवडा, शेव, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, करंज्या, अनारसे आणि चकल्या. दिवाळीआधीचे दोन शनिवार-रविवार त्यातच जातात. कामाला माझी ना नाही, पण त्यांचं बोलणं सहन होत नाही. मी चकल्या तळायला घेतल्या की त्या शेजारी स्टूल टाकून बसतात. 'मोहन जास्त झालंय.' 'चकलीला काटाच नाही.' 'आच मोठी आहे.' गेल्या वर्षी दोन घाणे तेलात विरघळले, तर म्हणाल्या, 'तुझं लक्षच नसतं.' मी मागच्या गॅलरीत जाऊन रडले.

याच सासूबाई अंदमानला किती वेगळ्या होत्या! दोन वर्षांपूर्वी माझी भिशी लागली, त्या पैशांतून नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे गेलो होतो. तिथल्या नील बेटावर ओहोटीच्या वेळी खडकांवरून चालत तो नैसर्गिक पूल बघायला गेलो, तेव्हा जाता-येता त्यांनी माझाच हात धरला होता. घरी आलो आणि मी परत परकी झाले.

हे फार समजूतदार आहेत, आमच्या दोघींच्या मध्ये कधी पडत नाहीत. तळणाच्या दिवशी हे आणि मुलं हॉलमध्ये टीव्हीवर अंदमानचे फोटो लावून बसतात, मोठमोठ्याने हसतात, त्यामुळे घरात दिवाळीचं वातावरण तरी असतं. (मी ते सगळे फोटो अजून बघितलेले नाहीत, राहूनच गेलं.) मधूनमधून आत येऊन गरम चकली घेऊन जातात, छान झाली म्हणतात.

आमच्याच इमारतीत एक बाई सुंदर फराळ करून देतात. यंदा निदान चकल्या, करंज्या, अनारसे त्यांच्याकडून घ्यावेत असं वाटतं. सासूबाईंना न दुखवता हे कसं सांगू?

– एक दमलेली सून

अगं,

सासूबाईंना तू अख्खा परिच्छेद दिलास, चकलीच्या काट्यालाही जागा दिलीस, आणि फोटो बघितले नाहीत हे मात्र कंसात लिहिलंस. त्या कंसापाशी मी थांबले ते थांबलेच. पुढचं पत्र मला परत वाचावं लागलं.

दोन वर्षं झाली त्या सहलीला. तुझ्या पैशांनी झालेल्या सहलीला. त्यानंतर निदान एकदा, बहुतेक दोनदा, ते फोटो तुझ्याच घरातल्या टीव्हीवर लागले, तुझ्या ओट्यापासून दहा-बारा पावलांवर. हसण्याचे आवाज तुझ्यापर्यंत आले. पण ते कशाला हसत होते ते तुला माहीत नाही. कोणता फोटो आला की मुलगा ओरडतो, कुठल्या फोटोत नवऱ्याची टोपी उडाली आहे, मुलीने कोणाचा चोरून फोटो काढलाय, यातलं काहीही तुला माहीत नाही. कदाचित ते तुझ्याच फोटोला हसत असतील. तोंडावर स्नॉर्केलिंगचा मास्क लावलेली तू. तूही हसली असतीस. आणि याला तू म्हणतेस, 'राहूनच गेलं.'

राहून नाही गेलं, बाळा. तुला कोणी हाक मारली नाही.

आता त्या गेल्या वर्षीच्या दोन घाण्यांकडे येऊ. चकली तेलात विरघळते ती मोहन जास्त पडलं म्हणून किंवा तेल पुरतं तापायच्या आत सोडली म्हणून. दोन्ही चुका लक्ष दुसरीकडे असलं की होतात. सासूबाई म्हणाल्या, 'तुझं लक्षच नसतं,' आणि तू गॅलरीत जाऊन रडलीस. सासूबाई तुला एरवीही बोलतात. काटा नाही म्हणाल्या, आच मोठी म्हणाल्या, तेव्हा रडायला गेली नव्हतीस. याच वाक्याला का गेलीस? मला विचारशील तर ते वाक्य खरं होतं म्हणून. लक्ष नव्हतंच तुझं. तुझे कान हॉलमध्ये होते. एका हातात सोऱ्या, दुसऱ्या हातात झारा, आणि बाहेर तिघं मिळून तुझ्याशिवाय अंदमानला गेलेले. अशा वेळी कोणाच्या चकलीला काटा येईल?

आता ज्या माणसाबद्दल तू सगळं पत्रभर एकही वाकडा शब्द काढलेला नाहीस, त्याच्याबद्दल बोलते. 'हे समजूतदार आहेत, मध्ये पडत नाहीत.' मला हा समजूतदारपणा मान्य नाही. शनिवार-रविवार बायको तळणापाशी उभी आहे, आई स्टुलावर बसलेली आहे, दोघींचे आवाज चढलेले ऐकू येताहेत, आणि धडधाकट माणूस सोफ्यावर बसून समुद्राचे फोटो बघतोय. मध्ये पडायला कोणी सांगितलंय त्याला? आत यायला काय झालं? आत तो येतो, गरम चकली उचलायला. छान झाली म्हणतो आणि परत जातो. मला त्याचा राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. तुलाही यायला हवा होता. तो तू सगळा सासूबाईंच्या नावावर टाकलास, कारण त्या समोर बसलेल्या असतात आणि बोलतात. जो बोलत नाही तो सुटला.

बरं, सासूबाईंनी तरी ते फोटो बघितलेत का? तू तसं लिहिलेलं नाहीस, पण तळणाच्या दिवशी त्या कुठे असतात ते लिहिलंयस. तुझ्या शेजारी, स्टुलावर. म्हणजे त्यांनीही बघितलेले नाहीत. घरातली पाच माणसं अंदमानला गेली, तिघांची सहल दर दिवाळीला पुन्हा होते आणि स्वयंपाकघरातल्या दोघी मोहनावरून भांडतात.

त्यांच्या बाजूने मी बोलत नाहीये. 'तुझं लक्ष नसतं' हे भरल्या घरात सुनेला म्हणायचं वाक्य नव्हे. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात यायला हवी. चकलीची उकड घट्ट असते, सोऱ्या दाबायला मनगटात आणि खांद्यात जोर लागतो. ७५ व्या वर्षी तो राहत नाही. ज्या बाईने इतकी वर्षं सगळ्या घरादाराच्या चकल्या पाडल्या, तिच्या हातात आता फक्त बोलणं उरलंय. म्हणून त्या स्टूल ओढून तुझ्याजवळ बसतात. हॉलमध्ये जाऊन बसायचं त्यांना सुचतच नाही, जसं तुलाही सुचलं नाही.

आणि चकली हे मुळात एकटीचं काम नव्हे. एकीने पाडायची, दुसरीने तळायची. तळणारीने कढईवरून नजर हलवायची नाही: तेलातले बुडबुडे कमी होत आले, चकली स्थिरावली की उलटायची. पाडणारीने तोवर कागदावर पुढच्या चार तयार ठेवायच्या. पूर्वी घरात चार बायका असायच्या, म्हणून हे जमायचं. तुझ्याकडे एक तू आहेस आणि हॉलमध्ये सहा हात रिकामे आहेत. त्यातले दोन कॉलेजातल्या मुलाचे.

नीलचा तो हात तू तक्रारीत घातलास, म्हणून त्यावर थोडं लिहिते. तो पूल समुद्राने कोरलेल्या प्रवाळाच्या खडकाचा आहे. तिथे जायचं तर ओहोटी गाठावी लागते, आणि वाट म्हणजे ओले, बुळबुळीत खडक, मध्येमध्ये पाण्याची डबकी, त्यात खेकडे, समुद्रकाकड्या. धडधाकट माणूस तिथे घसरतो. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या बाईने अशा वाटेवर पोटच्या मुलाचा हात न धरता तुझा धरला, जातानाही आणि येतानाही. तुला वाटतं, त्या तिथे वेगळ्या होत्या. मला वाटतं, तिथे तुम्ही दोघी सगळ्यांबरोबर होतात एवढाच फरक. तिथे ओटा नव्हता. कोणी आत आणि कोणी बाहेर असं काही नव्हतं.

तुला आठवतंय का, तिथे अंधार किती लवकर पडायचा? आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि अंदमान त्याच्या दहा अंश पूर्वेला. त्यामुळे डिसेंबरात तिकडे पाच वाजून गेले की लगेच सूर्य बुडतो, मुंबईपेक्षा तासभर आधी. म्हणजे केवढी मोठी संध्याकाळ मिळाली असेल तुम्हाला, रोज! आणि त्या संध्याकाळी तुला कुकर लावायचा नव्हता. काय केलंत तुम्ही? कोण काय बोललं? सेल्युलर जेलला गेला असाल. कोठड्यांच्या सात रांगांपैकी तीनच उरल्यात आता, आणि तिथल्या सावरकरांच्या कोठडीपाशी मराठी घरातली माणसं थांबतातच. सासूबाई तिथे काय म्हणाल्या? हे तुला माहीत आहे. मुलांना माहीत नसेल, मुलं पुढे धावली असतील. फोटो टीव्हीवर येतो तेव्हाच हे सांगायची वेळ असते. 'अगं, इथेच आजी असं असं म्हणाली होती.' मग मुलगी म्हणते, 'हो? मला माहीतच नव्हतं,' आणि ते तिच्या अंदमानात जमा होतं. तू ओट्यापाशी उभी राहिलीस तर ते कोण सांगणार? आणखी दहा वर्षांनी तुझी मुलं ही सहल त्यांच्या मित्रांना सांगतील, तेव्हा तिच्यात बाबा असतील, समुद्र असेल, गाजलेले विनोद असतील. तू आणि आजी तिकिटापुरत्या असाल. मला हे सोसवत नाही.

तू विचारलेल्या प्रश्नाचं म्हणशील तर विकतचा फराळ आणण्यात काही कमीपणा नाही. फराळ करून देणाऱ्या बाया त्यावर घर चालवतात, आणि चांगल्या हाताला चांगले पैसे मिळावेत. सासूबाईंना यात काही लागलंच तर ते सोसतील. पण नुसतं विकत आणून तुझं काय सुटणार आहे? समज, चकल्या आल्या डबा भरून. तो शनिवार मोकळा झाला. तू काय करशील? मी सांगते. माळा काढशील, पडदे धुशील, पितळ्याची भांडी घासत बसशील. सासूबाई तिथे स्टूल टाकतील आणि भांड्याला चकाकी नाही म्हणतील. आणि हॉलमध्ये फोटो लागतील.

म्हणून यंदा एकच गोष्ट कर. चकल्यांच्या शनिवारी तुम्ही दोघी हॉलमध्ये, ते तिघं स्वयंपाकघरात.

आठ दिवस आधी सांगून टाक. रात्री जेवणं झाल्यावर, सगळे समोर असताना. 'शनिवारी चकल्या तुम्ही तिघांनी करायच्या. मी आणि आई अंदमानचे फोटो बघणार आहोत, पहिल्यापासून शेवटपर्यंत.' एवढंच. मदत करा म्हणायचं नाही, मदत मागितली की काम तुझंच राहतं. दमले म्हणायचं नाही, सासूबाईंबद्दल तर चकार शब्द काढायचा नाही. नवरा म्हणेल, 'आम्हाला कुठे येतं?' त्याला सांग, 'आलंच नाही तर आईंना विचारा. पण त्या सोफ्यावरून उठणार नाहीत.'

काय करायचं ते कागदावर लिहून ओट्यावर ठेव. भाजणी सासूबाईंचीच घे, ती त्यांच्या हातची असू दे. वाटीला वाटी पाणी उकळायचं, त्यात मीठ, तिखट, हळद, तीळ, ओवा आणि दर वाटीला चमचाभर तेल. गॅस बंद करून भाजणी घालायची, ढवळून झाकून ठेवायची. कोमट झाली की कोमट पाण्याचा हात घेऊन मळायची, चांगली मळायची, तुटत असेल तर आणखी मळायची. मळायचं काम नवऱ्याला. सोऱ्या मुलाला. कढईपाशी नवऱ्याने उभं राहायचं, मुलीने झालेल्या चकल्या चाळणीत काढून मोजून डब्यात भरायच्या. तेल तापलं का ते बघायला पिठाचा एवढासा तुकडा सोडायचा, लगेच वर आला की चकली सोडायची, मग आच मध्यम. चकली मंद आचेवर तळली तर तेल पिते, मोठ्या आचेवर वरून लाल होते आणि आतून मऊ राहते. हे सगळं त्यांना जमेल. त्यांना बोटीची तिकिटं काढता आली, हेही जमेल.

खरी अडचण सासूबाईंची आहे. पीठ मळल्याचा आवाज आला की त्या उठतील. तुला वाटेल, जाऊ दे, बसू दे त्यांना आत. नको. त्यांचा हात धर, नीलला धरला होतास तसा, आणि बसवून ठेव. कुठून सुरुवात करायची तेही सांगते: रॉस बेटावर गेला असाल तर तिथल्या हरणांचे फोटो आधी लाव. नंतर नीलचे. त्या बेटाचं नाव २०१८ साली शहीद द्वीप झालं, पण किनाऱ्यांची नावं तीच आहेत, लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर. त्यांच्या वयाच्या बाईला समुद्राकाठी ही नावं ऐकून काय वाटलं होतं ते विचार. तू विचारलं नसशील. त्या बोलू लागल्या की मध्ये 'चला पुढचा' म्हणू नकोस. एकेका फोटोवर दहा मिनिटं गेली तरी जाऊ दे. फोटो त्या एका दिवसात संपवायची घाई नाही.

आतून आवाज येतील. पहिला घाणा बिघडेल, मुलगा 'आई, हे तुटतंय' म्हणून ओरडेल. उत्तर देऊ नकोस. 'मळा अजून' एवढं सासूबाईंना म्हणू दे, त्यांना बरं वाटेल. काहीतरी करपल्याचा वास आला तरी तू उठायचं नाहीस. नवरा पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभा राहील आणि टीव्हीकडे बघून म्हणेल, 'अरे, हा फोटो! याच्यात काय झालं होतं माहितीये?' तेव्हा त्याला सांगू दे. ते तुला ऐकायचंच आहे. सांगून झालं की आत पाठव, कढई गॅसवर आहे.

चकल्या कशाही झाल्या तरी त्याच पाहुण्यांपुढे ठेवायच्या. मऊ झाल्या तर मऊ, काटा नसला तर नसला. तू चोरून दुसऱ्या दिवशी नवीन घाणा काढायचा नाही, हे माझ्याकडे कबूल कर. आणि कोणी विचारलं तर सरळ सांगायचं की या यांनी आणि मुलांनी केल्यात.

आता करंज्या आणि अनारसे. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग पीठ मुरायला ठेवायचं, म्हणजे ते ठरवायला तुमच्याकडे फार दिवस नाहीत. चकल्यांच्या रात्री तिघं दमून बसलेले असतील तेव्हा त्यांनाच विचार: हे घरी करायचं की इमारतीतल्या बाईंना सांगायचं? त्यांनी ठरवू दे. विकत आणायचं ठरलं तर सासूबाईंना ते तुझ्या नवऱ्याने सांगायचं, तू नाही. आई त्यांची आहे. आणि त्याच रात्री बाईंना फोन करायला लाव, दिवाळी तोंडावर आली की त्या नवीन ऑर्डर घेत नाहीत.

– मावशी